खिडकी-शीर्षकाचे बाह्य नियंत्रण

संगणकाच्या पडद्यावर चालू असलेल्या आज्ञावलीच्या (प्रोग्रॅमच्या) चौकटीस खिडकी, तिच्या माथ्यावरील पट्टीस शीर्षकपट्टी व त्या पट्टीवरील मजकुरास खिडकी-शीर्षक असे म्हणतात. हा मजकूर सामान्यतः ती खिडकी निर्माण करणारी आज्ञावलीच ठरविते. दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीने तो वाचणे, बदलणे व बदललेला टिकवून धरणे या क्रियांचा समावेश बाह्य नियंत्रणात होतो. खिडकीच्या आतील आशयाशी या क्रियांचा संबंध नसल्यामुळे विषय वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि एकाच आज्ञावलीच्या दोन-तीन खिडक्या एकाच वेळी उघड्या असतील, तर त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखण्याची खूण पुष्कळदा शीर्षक हीच असते. आणि ती खूण बाहेरून लावलेली असेल, तर तिच्यावर कितपत विसंबावे हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

भिवंडी (जि. ठाणे) येथील व्यवहारांवरून हा प्रश्न चांगला समजतो. यंत्रमागांच्या या शहरात व्यापाऱ्याने सूत द्यावयाचे व यंत्रमागधारकाने मजुरीवर कापड विणून द्यावयाचे, ही पद्धत रूढ आहे [⟶ यंत्रमाग]. सुताची खरेदी, सायझिंग (ताण्याला खळ देणे), विणाई व ग्रे कापडाची विक्री ही कामे एकाच कुटुंबाच्या हाती असली, तरी ती निरनिराळ्या नावांच्या पेढ्यांमार्फत चालू शकतात. अशा तीन-चार पेढ्यांचे जमाखर्च एकाच कारकुनाने एकाच संगणकावर ठेवावयाचे असतील, तर हिशेबाची एकच आज्ञावली तो तीन-चार वेळा उघडतो. पडद्यावर त्यामुळे रंगाने, मांडणीने व बहुधा शीर्षकानेही सारख्या दिसणाऱ्या खिडक्या एकीमागे एक उभ्या राहतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून प्रत्येक नोंदित पेढीस पंधरा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. एका पेढीचे बीजक दुसरीच्या पुस्तकात चढले, तर विवरणपत्र चुकते आणि खरेदीदारास मिळावयाची कराची वजावट अडते. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, मालाचे वर्णनही बरोबर, फक्त वही चुकीची, अशी ही चूक असते व बेरजा तपासून ती सापडत नाही. शहरालगतच्या काल्हेर, पूर्णा, वळ, माणकोली इ. गावांतील गुदामांतही हीच परिस्थिती आढळते. एकाच छपराखाली अनेक मालकांचा माल असतो व त्याच्या आवक-जावकीच्या खिडक्या एका पडद्यावर असतात. खिडकीच्या माथ्यावर पेढीचे किंवा मालकाचे नाव ठळकपणे यावे, एवढीच मागणी अशा ठिकाणी केली जाते. मूळ आज्ञावलीत तशी सोय नसेल, तर ते नाव बाहेरून लिहिण्याचा विचार पुढे येतो.

इतिहास : खिडक्यांचा उपयोग करणारी पद्धती अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात विकसित झाली. तेथील आल्टो (१९७३) या संगणकावर चालणाऱ्या स्मॉलटॉक प्रणालीत खिडकीच्या वरच्या कडेस नावाची लहान पट्टी असे. पुढे झेरॉक्स स्टार (१९८१), ॲपलचे लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज (नोव्हेंबर १९८५) यांतून शीर्षकपट्टी सर्वपरिचित झाली. मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८४ मध्ये एक्स ही खिडकी-प्रणाली सुरू झाली व तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. या सर्व प्रणाली ज्या काळात घडल्या, त्या काळी एका संगणकापुढे एकच माणूस बसतो व त्याने चालविलेल्या सर्व आज्ञावली त्याच्या विश्वासातील असतात, असे गृहीत धरलेले होते. त्यामुळे एका आज्ञावलीने दुसरीच्या खिडकीस हात लावण्यास मज्जाव नव्हता. बाह्य नियंत्रण मुळात शक्य झाले ते या गृहीतामुळे, आणि पुढील काळात त्यावर बंधने आली तीही हे गृहीत खोटे ठरल्यामुळे.

शीर्षकाची मालकी व बदलाची यंत्रणा : विंडोज प्रणालीत खिडकी निर्माण होताच तिला ‘हँडल’ नावाचा एक क्रमांक मिळतो. शीर्षक हा त्या खिडकीशी जोडलेला मजकूर असून मुख्य खिडक्यांच्या बाबतीत त्याची नोंद परिचालन प्रणाली स्वतःकडे ठेवते. खिडकीला काही सांगावयाचे असल्यास तिला संदेश पाठवितात व त्या संदेशाचे काय करावयाचे, हे खिडकीच्या मालक आज्ञावलीतील एक ठरावीक कार्यभाग (विंडो प्रोसीजर) ठरवितो. शीर्षक बदलण्याच्या संदेशाचे नाव ‘डब्ल्यूएम_सेटटेक्स्ट’ असे आहे. मालक आज्ञावलीने त्याची स्वतंत्र व्यवस्था केलेली नसेल, तर प्रणालीचा मूळ कार्यभाग नवा मजकूर नोंदवून घेतो व पट्टी पुन्हा रेखाटली जाते.

दोन आज्ञावलींची स्मृतिक्षेत्रे एकमेकींपासून अलग असतात. एकीच्या स्मृतीतील मजकुराचा पत्ता दुसरीला निरर्थक असतो. तरीही वरील संदेश सीमा ओलांडू शकतो; कारण प्रणालीच्या स्वतःच्या काही ठरावीक संदेशांबाबत मजकुराची नक्कल पलीकडे नेऊन देण्याचे काम प्रणाली करते. ‘सेटविंडोटेक्स्ट’ या तयार फंक्शननेही बाह्य आज्ञावलीच्या मुख्य खिडकीचे शीर्षक बदलता येते. मात्र त्याने तिच्या आतील चौकटींतला मजकूर बदलता येत नाही. त्याकरिता संदेशच पाठवावा लागतो. वाचनाची रीत याहून थोडी निराळी आहे. दुसऱ्या आज्ञावलीच्या खिडकीचे शीर्षक ‘गेटविंडोटेक्स्ट’ने वाचताना प्रणाली मालकास न विचारता स्वतःच्या नोंदीतील मजकूर देते. त्यामुळे मालक आज्ञावली गोठलेली असली, तरी वाचणारी आज्ञावली अडून राहत नाही. संदेश पाठविण्याच्या बाबतीत ही निश्चिती नाही. उत्तराची वाट पाहणारा संदेश गोठलेल्या खिडकीस पाठविल्यास पाठविणारीही तेथेच खिळून राहते, म्हणून मुदत घातलेली संदेश-पद्धती (‘सेंडमेसेजटाइमआउट’) वापरणे इष्ट असते.

गोठलेल्या खिडकीचे उदाहरण आणखी एका कारणाने बोधप्रद आहे. एखादी खिडकी सुमारे पाच सेकंद संदेशांना उत्तर देईनाशी झाली, की विंडोज प्रणाली तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी खिडकी उभी करते व तिच्या शीर्षकापुढे प्रतिसाद नसल्याचा शेरा जोडते. मालकाच्या संमतीवाचून लिहिलेले हे शीर्षक संगणक वापरणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेले असते. ते बाह्य नियंत्रणाचेच फळ आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

इष्ट खिडकी शोधणे : शीर्षक बदलण्याची आज्ञा एका ओळीची असते. खरे काम त्यापूर्वीचे, म्हणजे नेमकी खिडकी हाती लागण्याचे होय. शीर्षकावरून खिडकी शोधण्याची सोय (‘फाइंडविंडो’) सर्वांत सोपी व सर्वांत फसवी आहे, कारण सारख्या शीर्षकांच्या खिडक्यांपैकी ती एकच कोणती तरी हाती देते. व्हिज्युअल बेसिक व एक्सेलमधील मॅक्रो यांत वापरली जाणारी ‘ॲपॲक्टिव्हेट’ ही आज्ञा याबाबतीत अधिक सैल आहे. दिलेल्या नावाशी तंतोतंत जुळणारी खिडकी न मिळाल्यास त्या नावाने आरंभ होणारी कोणतीही खिडकी ती पुढे आणते आणि अशा अनेक असल्यास त्यांतील कोणती तरी एक निवडते. तिच्यापाठोपाठ ‘सेंडकीज’ ही कळा दाबल्याचा आभास निर्माण करणारी आज्ञा दिली, की मजकूर जी खिडकी पुढे असेल तीत उमटतो. एक्सेलच्या तक्त्यातून हिशेबाच्या आज्ञावलीत बिले चढविण्यासाठी या दोन आज्ञांची जोडी वापरली, तर शंभर बिले काही क्षणांत दुसऱ्याच पेढीच्या पुस्तकात जाऊ शकतात. माणसाच्या हातून होणारी चूक एका बिलाची असते. ही चूक पूर्ण गठ्ठ्याची असते.

याहून भरवशाचा मार्ग म्हणजे बाह्य आज्ञावली आपणच सुरू करणे, सुरू करतानाच तिच्या प्रक्रियेचा क्रमांक टिपून ठेवणे, तिची खिडकी उभी राहीपर्यंत थांबणे आणि नंतर पडद्यावरील सर्व मुख्य खिडक्या एकामागून एक तपासून त्या प्रक्रियेची खिडकी निवडणे. या मार्गातही अडचणी आहेत. एका प्रक्रियेच्या खिडक्या अनेक असतात. त्यांपैकी काही अदृश्य असतात, तर काही आरंभीचे चिन्ह दाखवून नाहीशा होतात. काही आज्ञावली दुसऱ्यांदा सुरू केल्यास आधीच चालू असलेल्या प्रक्रियेकडे काम सोपवून आपण बंद होतात. मग टिपलेला क्रमांक कोणाचाच राहत नाही. एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीपासून प्रत्येक कार्यपुस्तिकेस स्वतंत्र मुख्य खिडकी मिळाली, परंतु त्या सर्व सामान्यतः एकाच प्रक्रियेच्या असतात. हँडल क्रमांकही कायमचा नसतो. खिडकी मिटल्यावर तोच क्रमांक कालांतराने दुसऱ्या खिडकीस मिळू शकतो, म्हणून प्रत्येक बदलापूर्वी हँडल व प्रक्रिया यांची जोडी पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

बदल टिकविणे व बदलाची सत्यता : बाहेरून लिहिलेले शीर्षक मालक आज्ञावली पुन्हा स्वतःचे शीर्षक लिहीपर्यंतच टिकते. हिशेबाच्या आज्ञावली पान बदलले की शीर्षक नव्याने लिहितात. न्याहाळक (ब्राउझर) तर प्रत्येक संकेतपृष्ठागणिक लिहितो. दर सेकंदास शीर्षक तपासून ते पुन्हा लिहीत राहणे हा यावरील बाळबोध उपाय होय. त्यात शीर्षक लुकलुकते आणि दोन तपासण्यांमधील काळात चुकीचे राहते. विंडोजमध्ये कोणत्याही वस्तूचे नाव बदलल्याची वर्दी देणारी सोय आहे (‘सेटविनइव्हेंटहुक’ व ‘नेमचेंज’ ही घटना). तिचा उपयोग करणे श्रेयस्कर. मात्र नियंत्रकाने स्वतः केलेल्या बदलाचीही वर्दी त्यालाच येते. ती ओळखून सोडून दिली नाही, तर नियंत्रक स्वतःच्याच बदलास उत्तर देत बसतो आणि पेढीचे नाव शीर्षकाच्या आरंभी एकदा, दोनदा, दहादा असे साचत जाते.

याहून गंभीर दोष वेगळाच आहे. समजा, नियंत्रकाने एका खिडकीवर सायझिंगच्या पेढीचे नाव लिहिले व ते काटेकोरपणे टिकवून धरले. कारकुनाने त्याच खिडकीत आतून पेढी बदलून विणाईच्या पेढीचे पुस्तक उघडले. मालक आज्ञावलीने शीर्षक नव्याने लिहिले असेल, तर नियंत्रक ते पुसून पुन्हा सायझिंगचेच नाव लिहितो. नियंत्रण जितके चोख, तितके शीर्षक खोटे, अशी स्थिती येथे निर्माण होते. कापडाच्या गाठीवर शाईने उमटविलेला मार्का व गाठीस दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. गाठ पुन्हा बांधली, तरी जुनी चिठ्ठी तिच्यावर लोंबत राहू शकते. बाहेरून लावलेले शीर्षक ते लावले त्या क्षणी खिडकीत काय होते, एवढेच सांगते. खूण नसेल तर मनुष्य थांबून आत पाहतो, खूण असेल तर पाहत नाही. म्हणून चुकीची खूण ही खूण नसण्यापेक्षा अधिक घातक होय.

यावरून व्यवहारातील रीत ठरते. नियंत्रकाने पेढीचे नाव स्वतःच्या स्मरणातून लिहू नये. मालक आज्ञावलीने लिहिलेल्या मूळ शीर्षकात ते असेल तर तेथून, अथवा तिने बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या विचारणेच्या सोयीतून ते दर वेळी नव्याने मिळवावे. मूळ शीर्षक पुसू नये. त्याच्या आरंभी आपली भर घालावी. नाव मिळाले नाही तर पट्टीवर जुने नाव न ठेवता ती मूळ स्थितीत सोडावी. भर आरंभी घालण्याचे कारण असे की, पडद्याच्या तळाशी असणाऱ्या कार्यपट्टीवर शीर्षकाची पहिली काही अक्षरेच दिसतात. ‘श्री गणेश टेक्स्टाइल’ व ‘श्री गणेश सायझिंग’ अशा पेढ्यांची नावे तेथे ‘श्री गणेश…’ अशी एकसारखी होतात. अशा ठिकाणी भेद दाखविणारा शब्द आधी यावा, मग तो पेढीच्या रीतसर नावाशी विसंगत झाला तरी चालेल.

देवनागरी शीर्षके : मराठी मजकुराच्या बाबतीत या विषयाला एक जास्तीची बाजू आहे व तिचा इतिहास लक्षणीय आहे. विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत प्रत्येक अक्षरास आठ बिटे व एकूण २५६ संकेतस्थाने असत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा आठ-बिटी संकेत भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रमाणित केला (आयएस १३१९४ : १९९१) आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने (स्थापना १९८८) त्यावर आधारलेली साधने प्रचारात आणली, परंतु विंडोजच्या शीर्षकपट्टीस हा संकेत ठाऊक नव्हता. मराठी मुद्रणासाठी निघालेल्या फाँटांनी वेगळी युक्ती केली. रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी त्यांनी देवनागरीच्या आकृती बसविल्या. कागदपत्राच्या आत तो फाँट निवडता येत असल्यामुळे मजकूर मराठी दिसे. शीर्षकपट्टी मात्र प्रणालीच्या ठरावीक फाँटात रेखाटली जाते. तिच्यावर तोच मजकूर रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या अर्थहीन मालिकेसारखा उमटे. 

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. विंडोज २००० मध्ये देवनागरीचे रेखाटन व मंगल हा फाँट आल्यानंतर शीर्षकपट्टीवर मराठी अक्षरे उमटू लागली [⟶ युनिकोड]. तथापि मायक्रोसॉफ्टने हिंदी, मराठी इ. भाषांसाठी जुन्या पद्धतीचा आठ-बिटी संकेत कधीच दिला नाही. या भाषा केवळ युनिकोडमधूनच वापरता येतात. याचा परिणाम बाह्य नियंत्रणात प्रकर्षाने दिसतो. नियंत्रक आज्ञावली युनिकोड वापरणारी असली, पण लक्ष्य खिडकी जुन्या आठ-बिटी पद्धतीने नोंदलेली असली, तर शीर्षकाचा संदेश पोहोचविताना प्रणाली मजकुराचे वाटेतच रूपांतर करते व ज्या अक्षरास आठ-बिटी संकेत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह घालते. ‘श्री’ हे एकच जोडाक्षर युनिकोडमध्ये श, हलन्त, र व दीर्घ ईकार अशा चार संकेतांचे असल्यामुळे पट्टीवर चार प्रश्नचिन्हे दिसतात. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये तयार केलेल्या खिडक्या याच जातीच्या आहेत, आणि त्या भाषेत लिहिलेल्या लहानमोठ्या हिशेबी आज्ञावली विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवरही चालू शकतात. लक्ष्य खिडकी युनिकोड जातीची आहे किंवा नाही, हे विचारण्याचे ‘इजविंडोयुनिकोड’ हे फंक्शन उपलब्ध आहे. उत्तर नकारार्थी आल्यास देवनागरीचा हट्ट सोडून पेढीची रोमन आद्याक्षरे लिहिणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. २०१९ पासून विंडोज १० मध्ये आज्ञावलीस आपला आठ-बिटी संकेत म्हणून यूटीएफ-८ निवडता येतो. परंतु ती निवड मालक आज्ञावलीच्या कर्त्याने करावयाची असते, नियंत्रकाने नव्हे.

मजकुराची लांबीही फसवी असते. यूटीएफ-१६ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेतास दोन, तर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. ठरावीक लांबीच्या जागेत शीर्षक बसविताना ते मध्येच कापले गेले, तर जोडाक्षर तुटून शेवटी पाय मोडलेले अक्षर उरते. शीर्षकांची तुलना करताना मराठीपुरती आणखी एक अडचण येते. ‘कऱ्हाड’ या शब्दातील चंद्ररेफ (अर्धा र) दोन प्रकारे लिहिला जातो : एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून व दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकास निराळे. युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांनीही हे दोन प्रकार एक होत नाहीत. सबब ज्या खिडकीच्या शीर्षकात असा शब्द आहे, ती मजकूर जुळवून शोधणाऱ्या आज्ञावलीने ही समानता स्वतः मानून घ्यावी लागते. मराठीत ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ असलेली नावे थोडीथोडकी नाहीत.

बंधने : विंडोज व्हिस्टापासून (२००७) प्रक्रियांना विश्वासाच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. खालच्या पायरीवरील आज्ञावलीने वरच्या पायरीवरील खिडकीस पाठविलेले बहुतेक संदेश अडविले जातात. म्हणून प्रशासकीय अधिकाराने चालविलेल्या हिशेबी आज्ञावलीचे शीर्षक साध्या अधिकाराच्या नियंत्रकास बदलता येत नाही. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवाही त्याच आवृत्तीपासून वेगळ्या सत्रात ठेवल्या गेल्या व वापरणाऱ्याच्या खिडक्या त्यांना दिसेनाशा झाल्या. जी आज्ञावली आपली पट्टी स्वतः रेखाटते, तिच्या बाबतीत प्रणालीच्या नोंदीतील शीर्षक बदलते व कार्यपट्टीवर नवे नाव दिसते, पण खिडकीच्या माथ्यावर जुनेच राहू शकते. न्याहाळक व ऑफिस आज्ञावली या प्रकारात मोडतात.

दूरच्या सर्व्हरवर चालणारी आज्ञावली रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत उघडली असेल, तर आतील खिडक्या या स्थानिक संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असतात; बाहेरची एकच खिडकी हाताळता येते. गुदामांच्या कचेऱ्यांत मालसाठ्याची नोंद अशा दूरस्थ पद्धतीने होत असेल, तर आज्ञावली लिहिण्यापूर्वी एक साधा उपाय करून पाहावा. जोडणीची फाइल प्रत्येक मालकाच्या नावाने वेगवेगळी साठविली, की रिमोट डेस्कटॉप ते फाइलचे नाव स्वतःच शीर्षकात दाखवितो.

अन्य प्रणाली : एक्स प्रणालीत शीर्षक हा खिडकीस जोडलेला एक गुणधर्म असतो (जुना ‘डब्ल्यूएम_नेम’ व यूटीएफ-८ साठीचा ‘_नेट_डब्ल्यूएम_नेम’). पट्टी रेखाटण्याचे काम खिडकी-व्यवस्थापक नावाची स्वतंत्र आज्ञावली करते. जोडलेली कोणतीही आज्ञावली कोणत्याही खिडकीचा हा गुणधर्म बदलू शकते. ‘डब्ल्यूएमसीटीआरएल’ व ‘एक्सडूटूल’ ही साधने हेच करतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या नव्या पद्धतीत मात्र प्रत्येक आज्ञावलीस केवळ स्वतःच्या खिडक्या दिसतात व शीर्षक मालकानेच सांगावयाचे असते. बाह्य नियंत्रणाचा मार्ग तेथे मूळ संकेतांतच बंद केला आहे. मॅकवर दुसऱ्या आज्ञावलीच्या खिडकीचे शीर्षक साहाय्यक सुविधांच्या परवानगीने वाचता येते, बदलणे मात्र त्या आज्ञावलीने सोय दिली असेल तरच जमते.

अक्षरी टर्मिनलांत निराळीच रीत आढळते. आत चालणारी आज्ञावली ‘एस्केप’ या चिन्हाने सुरू होणारी एक संकेतमालिका छापते व टर्मिनल ती न दाखविता आपले शीर्षक बदलते. काही टर्मिनलांत शीर्षक परत विचारण्याचीही सोय होती आणि उत्तर जणू वापरणाऱ्याने टंकलिखित केले असावे, अशा रीतीने आत येई. एखाद्या फाइलीत दडविलेल्या संकेतमालिकेने आधी शीर्षक म्हणून घातक आज्ञा लिहावी व मग ते परत मागवावे, हा धोका २००३ मध्ये जाहीरपणे दाखविला गेला. त्यानंतर एक्सटर्मसह प्रमुख टर्मिनलांत शीर्षक परत देण्याची सोय बंद करण्यात आली. शीर्षकावर विसंबणाऱ्या इतर साधनांनाही अशी बाधा पोहोचते. कीपास यासारख्या परवलीचे शब्द सांभाळणाऱ्या आज्ञावली खिडकीच्या शीर्षकावरून कोणता शब्द भरावयाचा ते ठरवू शकतात. पण संकेतपृष्ठाचे शीर्षक त्या पृष्ठाचा कर्ता हवे ते ठेवू शकतो. बँकेचे नाव धारण करणारी खिडकी बँकेचीच असेल, असे शीर्षकावरून सिद्ध होत नाही.

पर्यायी मार्ग : मालक आज्ञावलीने स्वतःच शीर्षक बदलू देण्याची सोय ठेवली असल्यास ती आधी वापरावी. एक्सेलमध्ये ‘ॲप्लिकेशन’ व ‘विंडो’ या दोन्ही घटकांना ‘कॅप्शन’ हा गुणधर्म असून तो बाहेरच्या आज्ञावलीतूनही लिहिता येतो. विंडोजच्या आज्ञा-खिडकीत ‘टायटल’ ही आज्ञा आहेच. शिवाय नवी आज्ञा-खिडकी सुरू करतानाच तिला शीर्षक देता येते. जन्मतः नाव देण्याची ही सोय चित्रमय खिडक्या असणाऱ्या आज्ञावलींस लागू नाही. ज्या खिडकीचे शीर्षक कोणत्याच उपायाने बदलत नाही, तिच्या वरच्या कडेस चिकटून चालणारी स्वतःची एक अरुंद रंगीत पट्टी नियंत्रकाने उभी करणे हाही एक मार्ग आहे. मूळ खिडकी हलली, लहान झाली किंवा मिटली की पट्टीनेही तसे करावे लागते. ही धावपळ त्रासाची असली, तरी तीत मालकाच्या मजकुरास हात लागत नाही आणि मूळ शीर्षक व बाहेरची खूण डोळ्यांसमोर शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे दोन्हींत विसंगती आल्यास ती कारकुनास दिसते.

नियंत्रक बंद होताना त्याने बदललेली शीर्षके पूर्ववत करणे आवश्यक असते, कारण परिचालन प्रणाली ते काम करीत नाही. तो अवचित बंद पडला, तर बाहेरून लिहिलेली नावे मालक आज्ञावली शीर्षक पुन्हा लिहीपर्यंत तशीच राहतात. म्हणून नियंत्रकाने नव्याने सुरू होताच पूर्वीच्या आपल्या खुणा शोधून आधी त्या काढाव्यात व मगच नव्या लावाव्यात. याकरिता प्रत्येक खुणेत सहज ओळखू येईल असे एखादे ठरावीक चिन्ह ठेवतात.